सगळ्यांना एकच मोटर दिली, तरी शर्यत सारखी का झाली नाही?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना मी दर वाक्यात दोनदा 'म्हणजे' म्हणतो, त्यातले बरेचसे कापलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोड नाही, एआय नाही, नवा फोनही नाही. आज खेळण्यातल्या गाड्या. हसू नका, कारण या गाड्यांनी मला जेवढं फिजिक्स शिकवलं तेवढं बीटेकच्या चार वर्षांत डोक्यात शिरलं नव्हतं.

मी इंग्लंडमध्ये मिडलंड्स भागात राहतो. दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि दर गुरुवारी संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये जातो. तिथे आमचा स्लॉट कारचा क्लब भरतो. पंधरा-वीस माणसं, त्यात निम्मी माझ्या बाबांच्या वयाची, चहाची एक मोठी किटली, आणि लाकडी फळ्यांवर कोरलेला चार लेनचा ट्रॅक.

ज्यांनी स्लॉट कार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅकमध्ये एक बारीक खाच असते. गाडीच्या नाकाखाली एक पातं असतं, ते त्या खाचेत बसतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यातून साधारण १२ व्होल्टचा डीसी करंट गाडीतल्या मोटरला मिळतो. तुमच्या हातात बंदुकीच्या घोड्यासारखा ट्रिगर असलेला कंट्रोलर. दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. स्टिअरिंग नाही. मग यात कौशल्य काय, असं मलाही वाटलं होतं. पहिल्याच वळणावर माझी गाडी उडून एका आजोबांच्या चहात पडली, तेव्हा कळलं.

हा खेळ इंग्लंडात घराघरात नेला तो स्केलेक्स्ट्रिकने. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाची कंपनी आधी चावीच्या पत्र्याच्या गाड्या बनवायची, त्यांचं नाव स्केलेक्स. त्यात इलेक्ट्रिक मिसळलं आणि १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक आलं. आमच्या क्लबातल्या अर्ध्या लोकांचं बालपण त्याच डब्यातून बाहेर पडलंय.

तर झालं असं की मागच्या वर्षी एक शर्यत भरवायची जबाबदारी माझ्यावर आली. कारण एकच, मला स्प्रेडशीट येते.

"मोटरी आपण देऊ"

क्लबात एक जुनं दुखणं होतं. गाडी जो तो आपली आपण बनवतो, मोटरही आपली. मग ज्याच्याकडे पैसा आणि वेळ जास्त, तो दहा मोटरी आणतो, त्यातली सगळ्यात चांगली निवडतो आणि बाकीच्या ड्रॉवरमध्ये टाकतो. नवीन माणूस एकच मोटर आणतो आणि तिच्यावरच खेळतो. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असते ना, त्यातला प्रकार.

यावर जुना उपाय आहे. मोटरी आयोजकांनी आणायच्या, शर्यतीच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून वाटायच्या आणि शर्यत संपली की परत घ्यायच्या. मोठ्या गाड्यांच्या दुनियेतही हे झालंय. अमेरिकेत १९७३ मध्ये इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स सुरू झाली, तेव्हा वेगवेगळ्या प्रकारच्या रेसिंगमधल्या नामवंत चालकांना एकसारख्या पोर्श ९११ कॅरेरा आरएसआर गाड्या दिल्या होत्या. गाडी सारखी, मग बघू चालवतो कोण चांगलं. पहिल्या हंगामात मार्क डोनाह्यू जिंकला.

मी म्हटलं, आपणही करू. बारा स्पर्धक, सोळा मोटरी. चार जादा, जळाल्या-बिळाल्या तर असाव्यात म्हणून.

मी मनापासून तयारी केली हो. नव्या मोटरचे ब्रश सपाट असतात आणि कम्युटेटर गोल. दोघांची गट्टी जमायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक मोटर ४ व्होल्टवर, काही लोड न लावता, तासभर फिरवली. (काही जण मोटर पाण्यात बुडवून फिरवतात. यावर क्लबात इतकं भांडण होऊ शकतं की मी त्यात पडत नाही.) वायरी मीच सोल्डर केल्या. पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं गिअर, तेही मीच दाबून बसवलं. हे काम स्पर्धकांवर सोडायचं नाही. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं तर मागचं प्लास्टिक मऊ होतं आणि ब्रश सरकतात. आणि पिनियन ठोकताना दांड्याला मागून आधार दिला नाही तर सगळा दाब आतल्या भागांवर जातो.

मग प्रत्येक मोटरवर नंबर टाकला आणि पत्र्याच्या डबीचे कान जिथे वळवलेले असतात तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका. कुणी उघडली तर ठिपका तुटतो. त्या दुकानात एकाच रंगाच्या तीन बाटल्या घेताना काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघून गोड हसल्या होत्या.

आणि मी मोजमापही केलं. फोनवर फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो. मोटर १२ व्होल्टवर फिरवायची, फोन शेजारी ठेवायचा आणि टोक कुठल्या हर्ट्झवर येतंय ते बघायचं. मिनिटाला २०,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३३३, म्हणजे ३३३ हर्ट्झ. कधी कधी त्याच्या सहापट जागीही टोक दिसतं, कारण या मोटरींना तीन पोल आणि दोन ब्रश असतात, एका फेऱ्यात सहा वेळा करंटची अदलाबदल होते. तिथे गोंधळायचं नाही. घरी करून बघा, मिक्सरवरही मजा येते.

माझ्या सोळा मोटरी १९,००० ते २१,५०० च्या मधे आल्या. सगळ्यात मंद ११ नंबर, सगळ्यात जलद ७ नंबर. फरक बराच होता. पण मी स्वतःला म्हटलं, चिठ्ठ्या टाकणार आहोत ना, मग ज्याचं नशीब त्याच्यापाशी.

माझं पहिलं पोडियम

शर्यतीच्या दिवशी पिशवीत हात घालून प्रत्येकाने नंबर काढला. आमच्याकडे एक बारा वर्षांचा मुलगा येतो, वडिलांबरोबर. पॉकेटमनी साठवून त्याने एकच गाडी घेतलीय, तिचे टायर तो स्वतः घासून गोल करतो. त्याच्या हाती ७ नंबर आला. मी मनात म्हटलं, वा, पोराचं नशीब काढलं! माझ्या हाती ११ आला. मी मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

चार लेन, प्रत्येक लेनवर पाच मिनिटं. लेन बदलण्याचा क्रम १-३-४-२, म्हणजे बाहेरची, आतली सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. ज्यांची पाळी नाही ते मार्शल, म्हणजे वळणावर उभं राहून उडालेल्या गाड्या परत खाचेत बसवायच्या. एकूण वीस मिनिटं गाडी चालवायची, ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला.

इथे एक छोटं गणित करू. आमच्या ट्रॅकवर चांगली फेरी आठ सेकंदांची. वीस मिनिटं म्हणजे १,२०० सेकंद, म्हणजे १५० फेऱ्या. आता फेरीला फक्त एक दशांश सेकंद जास्त लागला तर? १४८. डोळ्याला न दिसणाऱ्या फरकाने जवळजवळ दोन फेऱ्या गेल्या.

मुलगा छान चालवत होता. वीस मिनिटांत गाडी दोनदाच उडाली. सरळ पट्टीवर त्याची गाडी सगळ्यांत जोरात जायची, बघायला मजा येत होती. पण प्रत्येक वळणातून बाहेर पडताना बाकीचे निघून जायचे. तो शेवटचा आला, अकराव्या नंबरच्या तीन फेऱ्या मागे. आणि मी, जो नेहमी आठवा-नववा येतो तो, तिसरा. आयुष्यातलं पहिलं पोडियम! घरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेला, आईने देवापुढे साखर ठेवली.

मुलाने मोटर काढून माझ्या हातात दिली, थँक यू म्हणाला आणि गेला. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

जलद मोटर मंद कशी?

रात्री झोप येईना. आकडे उलटे होते. सगळ्यात जलद मोटर शेवटची आणि सगळ्यात मंद मोटर तिसरी. मी काही एका रात्रीत चांगला ड्रायव्हर झालो नव्हतो.

मग बारावीचं पुस्तक आठवलं. मोटर फिरताना ती स्वतःच जनरेटरसारखी उलटा व्होल्टेज तयार करते. वेग वाढतो तसा हा उलटा व्होल्टेज वाढतो, आणि तो जवळजवळ १२ व्होल्ट झाला की मोटर त्याहून जोरात फिरू शकत नाही. आता समजा आतले चुंबक थोडे कमजोर आहेत. मग तेवढाच उलटा व्होल्टेज तयार करायला मोटरला जास्त जोरात फिरावं लागतं. म्हणजे चुंबक कमजोर, तर रिकाम्या मोटरचा आरपीएम जास्त! पण ओढ, म्हणजे टॉर्क, चुंबकावरच अवलंबून. तो कमी. आणि ट्रिगर सोडल्यावर गाडी थांबते ती याच जनरेटरमुळे. कंट्रोलर मोटरच्या दोन्ही टोकांना शॉर्ट करतो आणि उलटा व्होल्टेज ब्रेकचं काम करतो. चुंबक कमजोर म्हणजे ब्रेकही कमजोर.

थोडक्यात, मी ज्या मोटरला सर्वांत भारी समजत होतो ती वळणातून उठतही नव्हती आणि वळणाआधी थांबतही नव्हती. मी मोजलं बरोबर होतं, पण मोजायचं होतं दुसरंच काही.

खात्री करायला एक जुगाड केला. दोन मोटरींचे दांडे सिलिकॉनच्या बारीक नळीने जोडले. एक मोटर करंट देऊन फिरवायची, फोनवर बघत १२,००० आरपीएमवर आणायची. दुसरीला करंट नाही, फक्त मल्टिमीटर लावायचा. ती जो व्होल्टेज देईल तो तिच्या चुंबकाचा थेट पुरावा. बहुतेक मोटरींनी ७ व्होल्टच्या आसपास दिले. माझ्या ११ नंबरने ७.३. सात नंबरने ६.४.

मग सात नंबर माझ्या गाडीत बसवून त्याच लेनवर वीस फेऱ्या मारल्या. फेरीला पाव सेकंद जास्त लागला. वीस मिनिटांत ते साडेचार फेऱ्यांच्या आसपास जातं. पोरगा तीन फेऱ्यांनी शेवटचा आला होता.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. समानता हवी म्हणून मी नियमात गिअरही पक्कं केलं होतं, पुढचं आणि मागचं, सगळ्यांना सारखे दाते. पण डीसी मोटरची जास्तीत जास्त पॉवर चुंबकावर अवलंबून नसते. ती व्होल्टेज आणि वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवर ठरते. म्हणजे सात नंबरच्या पोटात ताकद तेवढीच होती, फक्त ती जास्त आरपीएमवर होती. मागचं गिअर दोन-तीन दात्यांनी मोठं लावलं असतं तर ओढही परत आली असती आणि ब्रेकही. माझ्या नियमाने तो एकच रस्ता बंद करून टाकला होता.

लॉटरी की भिशी?

पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर हे सांगितलं. सोपं नव्हतं. माझी छोटीशी ट्रॉफी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही मोटरची आहे, माझी नाही.

क्लबात एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आहेत. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण सत्तरीच्या माणसाला एकेरी नावाने बोलवायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मनात मी त्यांना काका म्हणतो. काकांचं म्हणणं असं, की पिशवीत हात सगळ्यांनी घातला, कुणी लबाडी केली नाही, मग न्याय झालाच की. नशीब हा खेळाचा भागच आहे.

त्यांचं चूक नाही. पण मला आईची भिशी आठवली. भिशीतही दर महिन्याला चिठ्ठी निघते, पण ती फक्त पाळी ठरवते. शेवटी प्रत्येकीला रक्कम तेवढीच मिळते. लॉटरीत चिठ्ठी रक्कमच ठरवते. मी भिशी चालवतोय असं समजत होतो आणि भरवली होती लॉटरी.

खरी भिशी करायची तर एक पद्धत आहे. क्लबने चार सारख्या गाड्या बनवायच्या, प्रत्येक गाडी आपल्या लेनवरच राहील आणि माणसं लेन बदलतील. प्रत्येकाच्या वाट्याला चारही गाड्या येतात, चांगली आणि वाईट सगळी. मोटरींमधला फरक आपोआप सगळ्यांत वाटला जातो, काही मोजायलाच नको. आम्ही एका संध्याकाळी केलं. काका जिंकले. पण लोकांना ती मजा आली नाही. आपली गाडी आपण बनवावी, तिचे टायर रात्री जागून घासावेत, हे निम्मं वेड आहे या खेळात. दुसऱ्याच्या गाडीवर जिंकून काय करायचं?

म्हणून दुसऱ्या शर्यतीला मोटरी परत वाटायच्याच ठरल्या, पण पद्धत बदलली. वीस मोटरी घेतल्या आणि प्रत्येकीचे दोन आकडे काढले: रिकामा आरपीएम आणि नळी जोडून मिळणारा व्होल्टेज. ज्या चौदा एकमेकींच्या सगळ्यात जवळ होत्या त्या ठेवल्या, बारा स्पर्धकांना आणि दोन जादा. आकड्यांचा कागद हॉलच्या दारावर चिकटवला, कुणीही बघावा. पिनियन माझं, पण मागचं गिअर ज्याने त्याने आपल्या पसंतीचं लावायचं. चिठ्ठी सगळ्यात लहान स्पर्धकाने आधी काढायची, आयोजकाने सगळ्यात शेवटी. आणि सरावात मोटर आवडली नाही तर एकदाच बदलून मिळेल, पण जादा दोघींपैकी कुठली ते न बघता.

अजून दोन गोष्टी, कारण या कुणी सांगत नाही. एक, प्रत्येक लेनला वेगळा पॉवर सप्लाय हवा. एकाच सप्लायवर चार गाड्या असल्या तर शेजाऱ्याची गाडी उडाली की तुमची अचानक दचकून पळते, आणि मोटर कितीही सारखी असली तरी काय उपयोग. व्होल्टेज गाड्या पळत असताना मोजायचा, रिकाम्या ट्रॅकवर सगळेच सप्लाय शहाण्यासारखे वागतात.

दोन, तापमान. तांब्याचा रेझिस्टन्स तापमान ५० अंशांनी वाढलं की साधारण २० टक्क्यांनी वाढतो, आणि तापलेलं चुंबकही तात्पुरतं थोडं ढिलं पडतं. म्हणजे सरावातून नुकती आलेली मोटर आणि अर्धा तास विसावलेली मोटर या दोन वेगळ्या मोटरी आहेत. सराव संपला की सगळ्या गाड्या एका टेबलावर, हात लावायचा नाही, वीस मिनिटं चहा.

आणि हो, काकांचा एक सल्ला मी मुकाट्याने ऐकला. ते म्हणाले, मुळात मंद मोटर निवड आणि व्होल्टेज १२ वरून १० वर आण. गाडी टायरच्या पकडीच्या मर्यादेत राहिली की मोटरचा फरक दबतो आणि हाताचा फरक दिसतो. चाळीस वर्षांचा अनुभव आणि माझं स्प्रेडशीट एकाच जागी पोचलं होतं, फक्त ते माझ्या आधी पोचले होते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका मोटरच्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या, शिटी वाजली आणि एक गाडी मागे पळाली. हॉलभर हशा. मोटरचं नुकसान शून्य, माझं बरंच.

शर्यत चुरशीची झाली. पहिल्या आणि सातव्यात चार फेऱ्यांचा फरक होता, आधीच्या वेळी तो नऊ होता. मी पुन्हा नववा. मुलगा सहावा आला. दारावरचा कागद बघून त्याने मागचं गिअर एका दात्याने मोठं लावलं होतं, कुणी न सांगता.

गाड्या आवरताना तो टेबलापाशी आला आणि विचारलं, माझी जुनी सात नंबर कुठाय? मी डबा उघडून दाखवली. नळीच्या एका टोकाला आता कायमची तीच असते. येणारी प्रत्येक नवी मोटर तीच फिरवते. त्याने ती हातात घेतली, नेलपॉलिशचा ठिपका नखाने खरवडून बघितला आणि म्हणाला, पुढच्या वेळी मोजायला मी येऊ का?

गुरुवारी सहा वाजता येतोय.